गिअरबॉक्समधलं तेल घाईने काढू देऊ नका

प्रश्न : माझी २०१० सालची आय-टेन ऑटोमॅटिक आहे. सर्व्हिसिंगच्या वेळी गॅरेजवाल्यांनी गिअरबॉक्सचं तेल बदललं आणि तेव्हापासून गिअर पडताना गाडी हिसके देते. मॅन्युअलमध्ये ‘एसपी-थ्री’ तेल लिहिलंय. ते म्हणतात, ‘युनिव्हर्सल टाकलंय, सगळ्यांना चालतं.’ आता तेल फुकट बदलून देतो म्हणतात, पण दुरुस्तीचा विषय काढला की ‘गाडीच जुनी’. पक्कं बिल नाही, हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे. पैसे यूपीआयने दिले.
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, फुकट तेल बदलून घ्यायला लगेच गाडी नेऊ नका. तुमचा सगळ्यात मोठा पुरावा सध्या त्या गिअरबॉक्समध्येच आहे. तो एकदा गॅरेजच्या ट्रेमध्ये ओतला गेला की उरेल फक्त तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदारावर असते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते. तेल दुसऱ्या कंपनीचं होतं एवढ्यावर केस उभी राहत नाही. बाजारातली काही मल्टी-व्हेइकल तेलं एसपी-थ्रीसाठी चालतात आणि तसं डब्यावर छापलेलंही असतं. म्हणून गॅरेजला व्हॉट्सॲपवर एवढंच विचारा : कोणतं तेल टाकलं, किती लिटर, डब्याचा फोटो पाठवा. डब्यावर एसपी-थ्री नसेल, किंवा ते सीव्हीटीचं, म्हणजे वेगळ्याच प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, तेल निघालं, तर तुमची बाजू भक्कम झाली. ऑटोमॅटिकमध्ये हेच तेल दाबाने आतले क्लच चालवतं, त्यामुळे त्याचं घर्षण जुळलं नाही तर क्लच घसरतात.

मग एखाद्या स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. गॅरेजला तारीख-वेळ लेखी कळवा, आले तर उत्तम. तेलाची पातळी आधी बघायला सांगा, कारण ती कमी-जास्त असली तरी गाडी हिसके देते. गॅरेजचे वकील हेच पहिल्यांदा विचारतील. नमुना दोन बाटल्यांत काढून सील करा, त्यावर सह्या घ्या. अहवालात ‘तेल चुकीचं’ एवढंच नको; बिघाड त्या तेलामुळे झाला की आधीपासून होता, यावर इंजिनिअरचं कारणांसह मत हवं. ‘गाडीच जुनी’ला उत्तर तिथेच मिळेल. आधीच्या सर्व्हिसिंगचे कागद असतील तर जोडा. तोवर गाडी चालवू नका, न्यायचीच असेल तर टो करून न्या. नाहीतर नुकसान तुम्हीच वाढवलं म्हणतील.

पक्कं बिल नाही म्हणून घाबरू नका. चिठ्ठी आणि यूपीआयची नोंद मिळून व्यवहार दिसतो. उलट बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीत तो मुद्दा वेगळा लिहा. मेसेज मूळ फोनमध्ये जपून ठेवा.

यानंतर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. दाद मिळाली नाही तर तुम्ही नाशिकला राहता, तेव्हा तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. व्यवहार पाच लाखांच्या आतला असल्याने शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि ती तेल बदलल्या दिवसापासूनच धरून चाला.

मागणी मात्र बेताची ठेवा. पंधरा वर्षं जुन्या गाडीला कोरा गिअरबॉक्स मागितला तर मूळ तक्रारही अवास्तव वाटू लागते. तेलाचे पैसे, दुरुस्तीचा लेखी अंदाज, टोइंग, तपासणीची फी, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च, एवढं मागा. प्रत्येक रकमेमागे कागद लावा.