इंग्लंडमध्ये शाळा: आधी पत्ता, मग प्रवेश

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मिस्टरांना रेडिंगला नोकरी लागलीय, फेब्रुवारीत निघायचंय, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेचारचा. पब्लिक स्कूलला डोनेशन किती पडतं, ग्रामर स्कूल बघावी का, आणि पुण्यात बसून प्रवेश पक्का होईल का?

शेवटच्यापासून सुरू करते. पुण्यात बसून काही पक्कं होत नाही. सरकारी शाळेत जागा कमी आणि मुलं जास्त झाली की बहुतेक ठिकाणी शाळेपासून घराचं अंतर मोजतात, आणि घर म्हणजे हातात असलेला भाडेकरार. आम्ही जानेवारीत आलो तेव्हा शाळा समोर दिसेल असं घर मुद्दाम घेतलं. ती शाळा भरलेली निघाली आणि धाकट्याला दोन मैलांवरची मिळाली. वेटिंग लिस्टवर तिसरा नंबर होता, महिन्याभराने पाचवा झाला. मी फोन करून भांडले. तेव्हा कळलं की ही यादी अर्जाच्या तारखेने लागत नाही, प्रवेशाच्या निकषांनीच लागते. आपल्यानंतर आलेलं पण शाळेच्या जवळ राहणारं कुटुंब बिनदिक्कत पुढे जातं. त्यात पहिल्या तीन वर्षांच्या वर्गांत एका शिक्षकामागे ३० मुलांची मर्यादा कायद्याने घातलेली आहे, त्यामुळे तिथे अपील जवळजवळ टिकतच नाही.

डोनेशन नाही, फीसुद्धा नाही. व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत मिळणार नाही) असं लिहिलेलं असतं, पण सरकारी शाळा त्यात मोजत नाहीत. आणि ‘पब्लिक स्कूल’ हा शब्द इथे चुकूनही वापरू नका. त्याचा अर्थ ईटनसारखी महागडी खाजगी शाळा. कुठल्याही गावच्या, फी भरू शकणाऱ्या मुलाला खुली म्हणून ती पब्लिक. जानेवारी २०२५ पासून खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅटही लागतो. आपल्या मुलांसाठी ‘स्टेट स्कूल’ म्हणायचं.

आता ग्रामर, म्हणजे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा. यासाठी थोडं मागे जावं लागेल, कारण इथला नकाशा इतका ठिगळांचा का, ते त्याशिवाय कळत नाही. १८३३ पासून सरकार चर्चच्या संस्थांच्या शाळांना अनुदान देत होतं. (१८५४ च्या वुडच्या खलित्याने हीच पद्धत आपल्याकडे आणली, म्हणून ‘अनुदानित शाळा’ तुम्हाला समजावून सांगायला नको.) १८७० च्या कायद्याने जिथे चर्चची शाळा नव्हती तिथे सरकारी शाळा काढायला सुरुवात केली. चर्चच्या शाळा बंद केल्या नाहीत, त्यामुळे आजही इथल्या जवळपास एक तृतीयांश सरकारी शाळा धार्मिक आहेत. घाबरू नका, चर्च ऑफ इंग्लंडच्या कितीतरी प्राथमिक शाळा आसपासच्या सगळ्याच मुलांना घेतात. लंडनच्या हॅरो भागात तर २००८ पासून सरकारी खर्चाने चालणारी हिंदू शाळाही आहे.

१९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण सगळ्यांना फुकट केलं, पण अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं वाटली: हुशार ठरलेली ग्रामरमध्ये, उरलेली बहुतेक सेकंडरी मॉडर्न नावाच्या साध्या माध्यमिक शाळांत. तांत्रिक शाळांचा तिसरा प्रकार कागदावर होता, प्रत्यक्षात फारच थोड्या निघाल्या. पुढे मजूर पक्षाला हे विभाजन अन्यायाचं वाटू लागलं. १९६५ मध्ये शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी सगळ्यांना एकत्र शिकवणाऱ्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा कराव्यात असं परिपत्रक काढलं. पण ती विनंती होती, हुकूम नव्हता. बहुतेक कौन्सिलांनी (तिथल्या स्थानिक प्रशासनांनी) ऐकलं. केंट आणि बकिंगहॅमशर या जिल्ह्यांनी परीक्षा चालूच ठेवली. गंमत म्हणजे मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना त्यांनी ते परिपत्रक मागे घेतलं, आणि त्यांच्याच सहीने शेकडो शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह झाल्या. १९९८ मध्ये नवीन ग्रामर काढायला कायद्याने बंदी आली. पुढे पंतप्रधान थेरेसा मे यांना ती उठवायची होती, पण २०१७ च्या निवडणुकीत बहुमत गेलं आणि विषय तिथेच संपला. उरल्यात १६३.

त्यांतल्या दोन रेडिंगमध्ये आहेत, मुलींची केंड्रिक आणि मुलांची रेडिंग स्कूल. स्लाउमध्ये चार. शेजारच्या वोकिंगहॅममध्ये एकही नाही. तुमची मुलगी इथे वयानुसार बहुधा थेट इयर फाइव्हमध्ये बसेल, आणि प्रवेश परीक्षा इयर सिक्सच्या सुरुवातीला, सप्टेंबरमध्ये. म्हणजे येऊन सातच महिने, आणि नावनोंदणी त्याच्याही आधी उरकायची. परीक्षा आपल्या वेळच्या चौथीच्या स्कॉलरशिपची आठवण करून देते, बुद्धिमत्ता चाचणीसकट. मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुम्हाला ट्यूटरचे नंबर विमानातून उतरायच्या आत मिळतील. माझं मत विचाराल तर द्यायचीच असेल तर देऊ दे, पण त्या परीक्षेवर हिशेब बांधू नका. नवीन देश, नवीन उच्चार, त्यात हे कशाला? चांगल्या कॉम्प्रिहेन्सिव्हच्या जवळ घर घ्या. माध्यमिकचा अर्ज मात्र ३१ ऑक्टोबरच्या आत गेलाच पाहिजे.

घर शोधताना ऑफस्टेडच्या, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या, शेऱ्यावर भाळू नका. ‘आउटस्टँडिंग’ हा सगळ्यांत वरचा शेरा मिळालेल्या शाळांना २०१२ ते २०२० नेहमीच्या तपासणीतून सूट होती, त्यामुळे गेटवरची काही फलकं दहा वर्षांपूर्वीची आहेत, आणि तो एकशब्दी शेरा देणंही सप्टेंबर २०२४ पासून बंद झालंय. त्यापेक्षा कौन्सिलच्या प्रवेश पुस्तिकेत मागच्या वर्षी शेवटची जागा किती अंतरावरच्या मुलाला मिळाली ते बघा. घरभाडं देण्याआधी कौन्सिलला फोन करून इयर फाइव्ह आणि रिसेप्शन (शाळेचा सगळ्यांत पहिला वर्ग), दोन्हींत जागा कुठल्या शाळेत आहे ते विचारा. दोघांना एका शाळेत जागा मिळाली तर घर लहान असलं तरी चालेल. सकाळी पावणेनऊला दोन वेगवेगळ्या गेटवर पोचायचं म्हणजे काय, ते मी एक अख्खा हिवाळा केलंय.

मुलगा रिसेप्शनमध्ये जाईल. वर्ग ठरवताना ३१ ऑगस्टला पूर्ण झालेलं वय धरतात, ती रेघ इथे अगदी पक्की. तुमचा ऑगस्टमधला असेल तर वर्गात सगळ्यांत लहान असेल, त्याचं टेन्शन घेऊ नका.

आणि शाळा सोडल्याचा दाखला. इथे आमच्याकडे कुणी मागितला नाही, पण काढून आणा. परत जायची वेळ आली तर पुण्यातली शाळा पहिल्यांदा तोच मागेल.