रोज तीच तीच प्रार्थना कशाला?

सोन्या,

तुझा मेसेज दुपारी ब्रेकमध्ये वाचला, तेव्हाच ठरवलं की याला चॅटवर दोन ओळींत उत्तर द्यायचं नाही, रात्री नीट बसून लिहायचं आणि मराठीतच लिहायचं, तू सावकाश वाच, कुठे अडलीस तर पप्पांना विचार. तू विचारलंस की वसईला आजीकडे रोज संध्याकाळी टीव्ही बंद करून सगळे गुडघे टेकतात आणि तीच रोजरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणतात, काल म्हटली तीच आज, आणि तुला तर त्यात काहीच वाटत नाही, मग नुसतं तोंडाने म्हणायचं हा खोटेपणा नाही का? शिवाय यूथ ग्रुपमधली मैत्रीण म्हणाली की प्रार्थनेत बडबड करू नका असं येशूनेच सांगून ठेवलंय.

मैत्रीण म्हणते ते आहे बायबलमध्ये, मत्तयच्या 6व्या अध्यायात. पण पुढे वाचलंस का? ज्यांना वाटतं की खूप शब्द वापरले म्हणजे देव ऐकतो त्यांच्याबद्दल येशू बोलतोय तिथे, आणि लगेच पुढच्या दोन ओळींत तो स्वतःच शिष्यांना एक ठरलेली प्रार्थना शिकवतो, आपली 'हे आमच्या बापा', जी आजही जगभर म्हटली जाते. आणि त्याच मत्तयच्या 26व्या अध्यायात, पकडले जायच्या रात्री, गेथशेमाने बागेत येशू एकदा प्रार्थना करतो, उठून येतो तर शिष्य झोपलेले, परत जातो, परत येतो, आणि तिसऱ्या वेळी काय करतो तर तेच शब्द पुन्हा बोलतो, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. इतक्या भयंकर रात्री त्याच्याकडेसुद्धा नवीन शब्द नव्हते गं, तेच होते, आणि ते खोटे नव्हते. मला स्वतःला ज्या दिवशी काही सुचत नाही त्या दिवशी ही जागा फार आधार देते.

आता आजीचं. पाचूबंदरला आपल्या घरात पाचवं रहस्य, म्हणजे रोजरीचा शेवटचा भाग, संपलं की प्रार्थना संपत नाही हे तू पाहिलंस, तुला वाटलं असेल आता उठायचं तर आजी परत सुरू. ती काय म्हणते ते नीट ऐकलंस का कधी? एक 'आमच्या बापा' दर्यावर गेलेल्यांसाठी, मग होडीचं नाव घेते, मग शेजारच्यांच्या होडीचं नाव, मग डायलिसिसवर असलेल्या काकांसाठी एक, मग वारलेल्यांसाठी, आणि त्यात ज्यांना आठवणारं आता कुणी उरलं नाही त्यांच्यासाठी वेगळी एक, आणि शेवटी परदेशातल्या पोरांसाठी, म्हणजे आपल्यासाठी. माळ धरायची तिची पद्धत बघ, कोळंबी सोलून सोलून अंगठ्याचं नख झिजलंय तिचं, त्याच अंगठ्याने मणी पुढे सरकवते, आणि डुलकी लागली तरी अंगठा बरोबर त्याच मण्यावर थांबलेला असतो. मला नाही वाटत की तिला रोज काहीतरी 'फील' होतं. कंबर दुखत असते, कधी मुलाशी भांडण झालेलं असतं, कधी होडी रिकामी आलेली असते. पण ती नावं रोज घेतली जातात. तिला कसं वाटतं यावर ती रोजरी चालत असती तर मामा दर्यावर असताना अर्ध्या संध्याकाळी त्याचं नाव कुणीच घेतलं नसतं.

तू जूनमध्ये गेली होतीस म्हणून तुला कळेल असं एक सांगते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर काढलेल्या, आणि मामा पडवीत जाळं पसरून बसलेला, हाताने जाळ्याचा एक एक आस, म्हणजे भोक, चाचपून बघतोय, फाटलं तिथे सुईने विणतोय. त्या दोन महिन्यांत त्या जाळ्यात एक बोंबील येत नाही. म्हणून तो काम करत नाही असं तू म्हणशील का? विश्वासातसुद्धा असे कोरडे महिने येतात, मोठमोठ्या संतांना आले, आणि त्या दिवसांत केलेली प्रार्थना वाया जात नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

आणि आता तुला आपल्या वसईच्याच माणसाची गोष्ट सांगते, गोन्सालो गार्सिया. गासला त्याच्या नावाचं चर्च आहे ते. क्रुसावर मेला एवढंच सगळे सांगतात, मला मात्र त्याच्या आधीची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. आई इथलीच, वडील पोर्तुगीज, लहानपणी जेझुइट संघाच्या फादरांकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी भाषा इतकी छान शिकला की लोकांना धर्मशिक्षण द्यायचा. त्याला त्यांच्या संघात जायचं होतं, वाट बघत राहिला पण घेतलंच नाही. शेवटी बाहेर पडून व्यापार करायला लागला, चांगला चाललाही. इथे कुणीही म्हटलं असतं, जाऊ दे, देवाला मी नकोय बहुतेक. तो पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात साधा ब्रदर झाला आणि 1593 मध्ये त्यांच्याबरोबर दुभाषा म्हणून परत जपानला गेला. मग जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने धरपकड झाली, कान कापले, ऐन थंडीत महिनाभर चालवत नागासाकीला नेलं आणि 5 फेब्रुवारी 1597 ला एकूण 26 जणांना क्रुसावर मारलं, त्यात लुई इबाराकी नावाचा 12 वर्षांचा मुलगा होता, तुझ्याहून लहान. गोन्सालो 1862 मध्ये संत झाला, भारतातला पहिला.

पुढचं ऐक, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. 1614 मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, फादर हाकलले, लपून राहिलेले मारले गेले. मिस्सा नाही, कन्फेशन नाही, बायबलही नाही. उरलं काय तर पाठ असलेल्या प्रार्थना आणि बाप्तिस्मा कसा द्यायचा ते. गावातले साधे शेतकरी, कोळी लोक लपूनछपून तेच शब्द मुलांना पाठ करून घेत राहिले, काही शब्दांचे अर्थसुद्धा पुढे धड कळेनासे झाले, तरी सोडले नाहीत, दोनशे वर्षांहून जास्त. मग परदेशी लोकांसाठी नागासाकीला ओउरा इथे एक चर्च बांधलं गेलं, त्याच 26 जणांच्या नावाने, म्हणजे आपल्या गोन्सालोच्याही नावाने, आणि मार्च 1865 मध्ये जवळच्याच उराकामी गावचे काही लोक तिथे आले आणि तिथल्या फादर पेतिजाँना हळूच म्हणाले की तुमचा विश्वास तोच आमचा, आणि विचारलं, मरिया मातेची मूर्ती कुठंय? बंदी तेव्हाही होतीच, 1873 पर्यंत होती. सात पिढ्यांपूर्वीच्या कुठल्यातरी पोरीने 'मला काही वाटत नाही' म्हणून ते शब्द टाकून दिले असते तर?

आपल्याकडेही थोडं तसंच. 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, युरोपियन पाद्री गेले, किल्ल्यातली चर्चेस पडत गेली, आज तिथे तू फोटो काढलेस ना त्याच भिंती. गावांत मात्र विश्वास टिकला, देशी पाद्री होते थोडे आणि बाकी घराघरातली संध्याकाळची प्रार्थना.

आणि टिकून राहणं म्हणजे कधी पडायचंच नाही असंही नाही हं. येशूचा शिष्य पेत्र, त्याने एका रात्रीत तीनदा येशूला ओळखत नाही म्हटलं, आणि तरी योहानाच्या शेवटच्या अध्यायात येशू त्याच्यासाठी किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासे भाजून ठेवतो आणि ये, न्याहारी कर म्हणतो. चार दिवस प्रार्थना चुकली, महिना चुकला, तर पाचव्या दिवशी परत यायला लाजायचं नाही एवढंच. ताकद आपली नसतेच बाळा, कृपा त्याची असते, आपण तिथे हजर राहायचं.

म्हणून तुला मी काही वाटल्याचं नाटक करायला सांगणार नाही. काही वाटत नसेल तर देवाला तसंच सांग, स्तोत्रांमध्ये दावीद चक्क तक्रार करतो. इथे आपली पूर्ण रोजरी रोज होत नाही, माझ्या शिफ्ट, तुझा होमवर्क, ठीक आहे, एक दशक करूया, दहा 'नमो मरिये', पण रोज. आणि ते झाल्यावर नावं तू घ्यायचीस. मामाचं, आजीच्या कंबरेचं, तुझ्या शाळेतली ती मुलगी जिचे आईवडील वेगळे होताहेत तिचं. सुरुवात उद्यापासून, मी नऊला घरी येते.

आणि 6 फेब्रुवारीला इथल्या चर्चमध्ये फादर म्हणतील, आज पॉल मिकी आणि सोबत्यांचा सण, म्हणजे त्याच 26 जणांचा. त्या सोबत्यांमध्ये एक आपल्या वसईचा आहे हे त्या दिवशी यूथ ग्रुपमध्ये तू सांग, कोणालाच माहीत नसेल. फोटो हवा असेल तर मामीला सांगते, गासच्या चर्चचा काढून पाठवेल.

तुझी मम्मी