बुद्धी की अनुभव? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आगरकरांना आपण बुद्धिप्रामाण्यवादी म्हणतो. मग लॉक, ह्यूम या अनुभववाद्यांच्या ते विरुद्ध बाजूचे का?

नाही, घोटाळा शब्दाचा आहे. आगरकरांचे बुद्धिप्रामाण्य उभे आहे ते ग्रंथप्रामाण्य आणि रूढी यांच्यासमोर. शास्त्रात लिहिलेय म्हणून मानायचे नाही, तपासून पटले तर मानायचे; आणि तपासण्यात डोळ्यांनी पाहणेही आले. देकार्त, स्पिनोझा, लायब्नित्स या युरोपीय तत्त्वज्ञांच्या बुद्धिवादाचा दावा निराळा : काही ज्ञान इंद्रियांच्या साक्षीशिवाय, निव्वळ विचाराने सिद्ध होते. अनुभववादी म्हणतात, जगाचे ज्ञान येते ते अनुभवातूनच. गंमत म्हणजे आगरकरांवर ज्याची मोठी छाप होती तो जॉन स्टुअर्ट मिल इतका कट्टर अनुभववादी, की १८४३च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात त्याने गणिताचे नियमही अनुभवावरूनच काढलेले ठरवले. तेव्हा निबंधात ‘बुद्धिवाद’ म्हणजे कोणता, हे सुरुवातीलाच सांगून टाका.

प्रश्न : मुले गोट्या मोजूनच बेरीज शिकतात. मग गणित अनुभवाचेच ना?

शिकणे वेगळे, सिद्ध होणे वेगळे. एखादे विधान कुठल्या जातीचे हे पाहायचे तर विचारा : उलटा अनुभव आला तर मी काय मागे घेईन? अर्धा लिटर पाण्यात अर्धा लिटर शुद्ध अल्कोहोल ओतले तर मिश्रण लिटरभर होत नाही, ९६० ते ९७० मिलिलीटरच्या आसपास भरते. म्हणून ५०० + ५०० = १००० खोटे ठरले असे कोणी म्हणत नाही. ‘द्रव मिसळले की आकारमानांची सरळ बेरीज होते’ हे गृहीतक आपण सोडतो. बेरजेला ‘प्रागनुभविक’, म्हणजे खरेपणासाठी अनुभवावर न टेकणारी, म्हणतात ते यामुळे. जर्मन तत्त्वज्ञ कांटने ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ या ग्रंथाच्या १७८७च्या आवृत्तीत हेच बजावले : सगळ्या ज्ञानाची सुरुवात अनुभवाने होते, पण म्हणून ते सगळे अनुभवातूनच निघते असे नाही.

उत्तरपत्रिकांत हमखास होणारी चूक म्हणजे मिलचे मत ह्यूमच्या नावावर घालणे. ह्यूमने गणित ‘कल्पनांमधील संबंध’ या खात्यात टाकले. अनुभवाची अट वस्तुस्थितीच्या विधानांना.

प्रश्न : जन्मतः मन म्हणजे ‘टॅब्युला रासा’ (कोरी पाटी), हा लॉकचाच शब्द ना?

मानवी आकलनावरच्या त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात आरंभीच ‘कोरा कागद’ अशी उपमा आहे, तीच वापरा. आणि लॉकच्या ‘अनुभवा’त संवेदनाबरोबर मनाचे आपल्याच व्यापारांकडे पाहणेही येते, ते गाळू नका.

प्रश्न : प्रयोगाने या वादाचा निकाल लागलेला नाही का?

लागेल असे वाटले होते. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने लॉकला विचारले : जन्मांध माणूस हाताने घन आणि गोल ओळखतो; त्याला दृष्टी आली तर न चाचपता ओळखेल का? लॉकने हा प्रश्न आपल्या त्याच ग्रंथाच्या १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत घेतला. दोघांचेही उत्तर ‘नाही’. लायब्नित्सचे ‘होय’, पण अट घालून : समोरच्या दोन वस्तूंपैकी एक घन आणि एक गोल आहे, हे आधी सांगितलेले हवे. घनाला आठ कोपरे, गोलाला एकही नाही. बुद्धी एवढ्यावरून निवाडा करेल.

मेंदूविज्ञानाचे संशोधक पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग दिल्लीत शस्त्रक्रिया झालेल्या, ८ ते १७ वयाच्या पाच जणांवर होता. दृष्टी मिळाल्यापासून ४८ तासांच्या आत चाचणी. एक वस्तू द्यायची, मग दोनांतून तीच ओळखायला सांगायची. पाहिलेली पाहून ओळखण्यात सुमारे ९२ टक्के उत्तरे बरोबर आली, चाचपलेली चाचपून ओळखण्यात ९८. चाचपलेली पाहून ओळखायची म्हटल्यावर मात्र ५८. निव्वळ अंदाजाने ५० येतातच. नजर अधू म्हणून असे झाले म्हणावे, तर ९२चा आकडा आडवा येतो.

म्हणजे लॉक जिंकला? इतके सरळ नाही. ज्यांची पुन्हा चाचणी झाली त्यांच्यात काही दिवसांतच, खास शिकवणीशिवाय, मोठी सुधारणा दिसली. इतक्या झटपट जुळणाऱ्या गोष्टीची तयारी आधीपासून होती, असे लायब्नित्सचा पक्ष म्हणू शकतो. शिवाय विचार करून कोपरे मोजण्याची त्याची अट या चाचणीत तपासलीच गेली नाही.

प्रश्न : चार्वाक अनुभववादी आणि नैयायिक बुद्धिवादी, हे समीकरण चालेल?

चार्वाक प्रत्यक्षच प्रमाण मानतात, म्हणून पहिला अर्धा भाग ओढूनताणून चालेल; दुसरा नाही. नैयायिक म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी. न्यायसूत्र (१.१.५) अनुमानाला ‘तत्पूर्वकम्’, म्हणजे प्रत्यक्षानंतरचे (इंद्रियांनी जाणल्यानंतरचे), म्हणते. इंद्रियांवाचून चालणारी देकार्तची बुद्धी तिथे नाही. खरा तंटा व्याप्तीचा, म्हणजे ‘जिथे धूर तिथे अग्नी’ अशा कायमच्या संबंधाचा आहे : पाहिलेल्या धुरांवरून न पाहिलेल्या धुरांबद्दल कसे बोलता?

नैयायिकाची रीत अशी : दोन गोष्टी बरोबर दिसतात का ते पाहा, अपवाद शोधा, मग उपाधी, म्हणजे तो संबंध ज्यावर अवलंबून आहे अशी छुपी अट, शोधा. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे टिकत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. ओले सरपण ही इथली उपाधी. धूर असेल तिथे ती असतेच, पण अग्नी असेल तिथे असतेच असे नाही. उपाधी ओळखायची ती या दुहेरी खुणेने.

उपाधी सापडली नाही म्हणजे ती नाहीच कशावरून, असे चार्वाक विचारणारच. त्यावर नैयायिक उदयनाचार्यांचे उत्तर : ‘व्याघातावधिराशंका’. शंका घ्या, पण स्वतःच्या वागण्याशी विसंगत होईपर्यंतच. धूर हवा असेल तेव्हा शंका घेणाराही अग्नीच पेटवतो.