‘रोज एक चित्र’ तिसऱ्या आठवड्यात का बंद पडतं

प्रश्नात वय २३ लिहिलंयस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणतो. तुझं म्हणणं थोडक्यात असं: जानेवारीत तीन संकल्प केलेस. रोज एक चित्र, गिटार आणि वर्षात २४ पुस्तकं. चित्रं तिसऱ्या आठवड्यात बंद पडली. बडोद्यात अलकापुरीतल्या ऑफिसातून दांडिया बाजारात घरी यायला साडेसात होतात. एका रविवारी मांडवीला, म्हणजे जुन्या शहरातल्या कमानींच्या इमारतीसमोर, बसून जलरंगात चित्र काढलंस, तर कमानी तिरक्या आल्या, कागद फुगला, रंग मळले; त्याचा फोटोही टाकलायस. आणि आता विचारतेस की फाइन आर्ट्सला (इथल्या विद्यापीठाच्या कला विभागात) न गेलेल्या माणसाला हे जमतं का.

जमतं. तुझ्या तीन तक्रारींपैकी कागद ही तर हाताची चूकच नाही, सामानाची आहे. रंग अर्धे पाण्याचे आणि अर्धे घाईचे. कमानी तेवढ्या शिकायच्या आहेत.

आधी संकल्पाबद्दल. रोज नवा विषय घेतला की रोज नवी चूक होते आणि कालची सुधारायची संधी येत नाही. महिनाभरात वही भरते, पण तिसावं चित्र पहिल्यासारखंच दिसतं आणि मग कंटाळा येतो. त्याला आळस म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. आकडा सोड, जागा धर. दोन महिने फक्त मांडवी: एका रविवारी नुसती एक कमान, पुढच्या वेळी कोपरा, मग वरचा घड्याळाचा मनोरा, मग रंग. मधल्या दिवसांत आठवड्यातून तीनदा घरीच वीस मिनिटं. नवरात्रीचे नऊ दिवस आणि उत्तरायणाचे दोन दिवस हिशेबात धरूच नकोस. बडोद्यात त्या दिवसांत कोणी चित्र काढत नाही, आणि काढायचं ठरवलं तर फक्त संकल्प मोडल्याचं दुःख हाती येतं. गिटार या वर्षी बाजूला ठेवावी असं मला वाटतं. पुस्तकं चालू दे, ती बसमध्येही होतात.

घरी काय काढायचं? तांब्या, वाटी, कुकर, किसणी. वाटीचं तोंड लंबवर्तुळ दिसतं आणि त्याची दोन्ही टोकं गोलच असतात. नवशिक्यांच्या चित्रात ती बदामासारखी टोकदार होतात. दुसरी चूक तळाशी होते. टेबलावर ठेवलेल्या तांब्याचा तळ डोळ्यापासून जास्त खाली असतो, म्हणून तळाचं लंबवर्तुळ तोंडाच्या मानाने जास्त फुगीर दिसायला हवं. बहुतेक जण तिथे सरळ रेघ मारतात आणि मग तांब्या हवेत तरंगतो. हे साधलं की मनोऱ्याचे गोल भाग आपोआप सोपे जातात.

आता मांडवी. इमारत चौरस, प्रत्येक बाजूला तीन कमानी. कोपऱ्यावरून बघितलं की दोन बाजू आणि सहा कमानी एकदम समोर येतात, म्हणून पहिल्याच दिवशी कोपरा घेऊ नये. एका बाजूसमोर, किंचित तिरकं बस. दुकानाच्या ओट्यावर बसायचं तर आधी विचार, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. मात्र दुकानं उघडायच्या आत काम आटपायला हवं.

कमान सुरुवातीला काढायचीच नाही. पहिली आडवी रेघ तुझ्या डोळ्यांच्या उंचीची. रस्त्याकडेला स्टुलावर बसलीस तर ती उभ्या माणसाच्या छातीशी येते, आणि सपाट रस्त्यावरचा माणूस जवळचा असो की लांबचा, ती रेघ त्याला छातीशीच कापते. गर्दी काढायची याहून सोपी युक्ती नाही. इमारतीच्या बाजूवर या रेघेच्या वरच्या सगळ्या कडा लांब जाताना खाली उतरतात आणि खालच्या वर चढतात. तुझ्या चित्रात छताची कड उतरली आहे, पण कमानींची टोकं एका सरळ आडव्या ओळीत आहेत. तिरकेपणा तिथून आला.

मग माप. पेन्सिल हातात, कोपर ताठ, एक डोळा बंद. मधल्या कमानीची रुंदी हे एकक धर. उंचीत ती किती वेळा बसते, पूर्ण बाजूत किती वेळा, एवढंच मोज. कोपर वाकलं की माप बदलतं, आणि हे लक्षातही येत नाही. मापं बसली की प्रत्येक कमानीसाठी आधी चौकट काढ, चौकटीचे दोन कर्ण मार, ते जिथे छेदतात तिथून उभी रेघ वर ने. कमानीचं टोक त्या रेघेवर. चौकटीचा लांबचा अर्धा भाग जवळच्यापेक्षा अरुंद निघेल. तो डोळ्याला चुकीचा वाटला तरी तसाच ठेव. शेवटी भिंतीची जाडी. तू कमानीच्या उजवीकडे बसली असशील तर तिची डावी आतली बाजू दिसते. तीच वळणरेषा थोडी सरकवून पुन्हा काढली की कमान पोकळ दिसते. ही दुसरी रेघ राहिली की भिंत पुठ्ठ्याची वाटते.

पेन्सिल HB चालेल, पण त्याऐवजी हलक्या हाताने २बी बरी, कारण खोडावं कमी लागतं. साध्या रबराने कागदाचा वरचा थर घासला जातो आणि वॉश (पातळ रंगाचा थर) दिल्यावर नेमका तिथे काळपट डाग पडतो. पुटी रबर (कणकेसारखं मऊ) वापर आणि घासू नकोस, टिपून उचल.

रेघा पक्क्या करायचं पेन वॉटरप्रूफ पिगमेंट शाईचंच हवं, टोक ०.३ आणि ०.५ मिमी पुरे. बऱ्याच जेल पेनांची आणि साध्या फाउंटन पेनची शाई पाण्याखाली पसरते. बाटलीतली शेलॅक (लाख) असलेली इंडियन इंक फाउंटन पेनमध्ये भरू नये, ती आत सुकून पेन कायमचं बसतं. वॉटरप्रूफ शाईवरही लगेच पाणी नको, दोन-तीन मिनिटं जाऊ दे.

कागद: ३०० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये), कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत), ए५. तू वापरलेला ड्रॉइंग बुकचा कागद त्याच्या निम्म्या वजनाचाही नसावा, तो फुगणारच. पूर्ण सुती कागद महाग पडतो, म्हणून मोठं शीट घेऊन कापून घ्यावं. स्वस्त लाकडी लगद्याच्या कागदावर रंग वरवर बसतो आणि दुसरा थर दिला की पहिला उचलला जातो. सरावाला तो चालतो, फक्त त्यावर एका थरात काम संपवायचं. पुठ्ठ्यावर चारही बाजूंनी मास्किंग टेप, आणि टेप पूर्ण वाळल्यावरच काढायची. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेव. दमट हवेत कागदावरचं सायझिंग (पाणी लगेच शोषू नये म्हणून दिलेला लेप) जागोजागी खराब होतं आणि तिथे रंग टीपकागदासारखा शोषला जातो.

रंगांचा २४ चा डबा बाजूला ठेव. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो, क्रिमझन, प्रशियन ब्लू. या सहांत बडोदं बसतं. काळा नको; अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून सावलीचा जो करडा येतो, त्यापुढे डब्यातला काळा मेलेला दिसतो. रंग मळण्याची कारणं तीनच: एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग, एकाच भांड्यातलं गढूळ पाणी, आणि अर्धवट ओल्या थरात पुन्हा ब्रश घालणं. पाण्याची दोन भांडी ठेव, एकात ब्रश धुवायचा आणि दुसऱ्यातून स्वच्छ पाणी घ्यायचं.

तिसरं कारण सगळ्यांत चिवट आहे. ओला थर चमकतो, मग चमक जाते पण कागद गार लागतो, मग पूर्ण वाळतो. ब्रश चालतो तो पहिल्या आणि शेवटच्या अवस्थेत. मधल्या अवस्थेत जास्त ओला ब्रश टेकला की पाणी रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारखा कातरलेला डाग उमटतो. तुझ्या आकाशात दोन जागी तेच झालंय. वाळलंय का ते बोटाच्या मागच्या बाजूने बघ. गार लागलं तर थांब.

मे महिन्यात हे सगळं उलटं. थर मिनिटभरात सुकतो आणि मध्येच कडक कडा पडतात. तेव्हा सकाळी सातच्या आत बस, १० किंवा १२ नंबरचा गोल ब्रश घे, रंग आधीच जास्त कालवून ठेव, पुठ्ठा थोडा तिरका धर आणि खाली साचलेला रंगाचा थेंब न तोडता वॉश खाली ओढत ने. ऑगस्टमध्ये थर वाळतच नाही. दोन कागद सोबत घेऊन आलटून पालटून काम कर. कुठल्याही ऋतूत रंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून सावली हिमतीने गडद दे. खात्री करायची तर चित्राचा फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल कर. कमानीच्या आतला अंधार आणि भिंत एकाच करड्यात दिसली तर रंग कितीही सुंदर असो, चित्र सपाटच राहणार.

बघण्यासाठी कीर्तिमंदिरातली (गायकवाड घराण्याचं स्मारक) चित्रकार नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, तिथे नुसती रेषा बघ. तांबेकर वाड्यातली जुनी भित्तिचित्रं तर तुझ्या घराजवळच. तिथे पेन्सिल आणि वही पुरे, पाणी-रंग आत नेऊ नये. फाइन आर्ट्सबद्दल एवढंच: १९५० मध्ये तिथे चित्रकला शिकवायला आलेले ना. श्री. बेंद्रे मूळचे इंदूरचे, आणि निसर्गचित्रकार म्हणून त्यांचं नाव आधीच झालेलं होतं. बाहेर बसून काढणं ही या शहरात कमी दर्जाची वाट कधीच नव्हती.

पुढचं चित्र टाकशील तेव्हा कागदाचं वजन, महिना आणि किती वाजता बसलीस ते लिही. त्याशिवाय डाग कशाचा ते फोटोवरून सांगता येत नाही.