साहेबांचा फोन आणि तुमची सही

तुमचं पत्र वाचलं. तुम्ही तलाठी. अतिवृष्टीनंतर आमदारांचा फोन आला, पाठोपाठ तहसीलदार म्हणाले, “साहेब सांगतायत तर घ्या ती नावं,” आणि तुम्ही पंचनाम्याच्या यादीत 14 नावं वाढवलीत. आज तुमच्या हातात कारणे दाखवा नोटीस आहे, तहसीलदारांना काहीच आठवत नाही. अशी पत्रं ग्रामसेवकांची येतात, कृषी सहायकांची येतात. त्यामुळे निःपक्षपातीपणा म्हणजे काय, हे सांगत बसत नाही.

सगळं अडलंय ते महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधल्या नियम 3 पाशी. वरिष्ठाच्या सांगण्यावरून काम करायचं तर आदेश लेखी घ्यायचा; तेव्हा जमलं नाही, तर त्यानंतर शक्य तितक्या लवकर लेखी पुष्टी घ्यायची. यातला ‘वरिष्ठ’ हा शब्द नीट वाचा. आमदार तुमचे वरिष्ठ नाहीत. त्यांचं म्हणणं आदराने ऐकायचं, लिहून घ्यायचं, वाटल्यास शेताची फेरपाहणी करायची. बस. नोटिशीला द्यायच्या तुमच्या उत्तराच्या मसुद्यात ‘मा. आमदारांच्या सूचनेनुसार’ असं तीनदा आलंय. ते बचाव नाही, कबुली आहे. आधी खोडा.

तहसीलदार मात्र वरिष्ठ. त्यांच्याकडून आठ महिन्यांत एक ओळ लेखी घेतली नाहीत, याचा मला खरंच राग येतो. दोन ओळींचं टिपण आवक-जावकला लावायला किती वेळ लागतो? तोंडी आदेशांवर कारभार चालू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2013 लाच टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सांगितलंय.

पण पत्राच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की त्याच रात्री तहसीलदारांना व्हॉट्सॲपवर यादी पाठवली होती: “सांगितल्याप्रमाणे 14 नावे वाढवली आहेत.” खाली त्यांचं “ओके”. अहो, हेच पहिल्या ओळीत हवं होतं! नियमाला हवी असलेली पुष्टी ती हीच, असं छातीठोक सांगत नाही. पण तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम कागद तोच. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. विभागीय चौकशीत पुराव्याचा कायदा काटेकोर लागत नाही, तरी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र जोडून ठेवा.

त्या 14 शेतांत नुकसान खरंच मदतीला पात्र ठरवणाऱ्या 33 टक्क्यांच्या वर होतं का? फोटो तसं दाखवत असतील तर प्रकरणाचा नूरच पालटेल. नसतील, तर लेखी आदेशही तुम्हाला पूर्ण वाचवेल याची खात्री नाही. संयुक्त पंचनाम्यावर ग्रामसेवक आणि कृषी सहायकाच्या सह्या आहेत का, तेही पाहा.

नोटीस मागे घ्यायला आमदारांचं पत्र आणू का, असं विचारलंत. अजिबात नको. सेवेच्या बाबतीत राजकीय दबाव आणणं हा त्याच नियमांखाली आणखी एक गैरवर्तनाचा आरोप होईल. तुम्हाला दिलेल्या हक्कभंगाच्या (आमदारांच्या विशेषाधिकाराचा भंग केल्याच्या ठपक्याच्या) धमकीचं म्हणाल, तर यादीत नाव न घेण्यावरून तो सहसा टिकू नये.

उत्तराच्या सात दिवसांतले चार गेलेत. मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) धावायची वेळ अजून आलेली नाही. आजच मूळ पंचनामे आणि फोटोंच्या प्रती मागणारा, मुदतवाढीचा अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.