कोरोनात बाची-शिनोळी भागात कॉन्टॅक्ट ट्रेसिंग कसं चालायचं?

प्रश्न असा विचारलाय की कोरोनाच्या वेळी सीमेवरच्या कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या ग्रामपंचायतींनी मिळून कॉन्टॅक्ट ट्रेसिंग केलं का, आणि केलं असेल तर कसं.

मी बेळगाव तालुक्यात मराठी शाळेत मास्तर आहे. २०२० ला चेकपोस्टवर ड्युटी, २०२१ ला पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) बसून पॉझिटिव्ह लोकांना फोन लावायची ड्युटी, दोन्ही करून झालंय. आमच्या भागात तरी पंचायतींनी ठराव-बिराव करून असं काही केलं नाही. जे काय झालं ते इकडची आशाताई, तिकडची आशाताई, आमच्या पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), तिकडचा ग्रामसेवक आणि एक पोलीस पाटील, एवढ्या लोकांनी आपापल्या मोबाईलवरनं केलं, रिचार्ज पण स्वतःच्या खिशातनं.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेळगावातनं वेंगुर्ला रोडनं निघालं की हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची आणि बाची संपलं की शिनोळी, म्हणजे तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आणि बेळगाव तासाभराच्या आत, त्यामुळं दवाखाना बेळगावला, बाजार बेळगावला, लग्नाचा बस्ता पण बेळगावलाच. आमच्याकडची पोरं शिनोळीच्या कारखान्यांत कामाला. सोयरीक तर घरटी एक धरा. आता एवढं सगळं असताना मध्ये बॅरिकेड लावून रोग अडेल असं ज्यांना वाटलं त्यांनी एकदा इथली पाणंद बघायला यायला पाहिजे होतं, नाक्यावर पोलीस आणि शंभर पावलांवर बांधावरनं माणसं चाललेली.

ट्रेसिंगची रीत सगळीकडं एकच होती. माणूस पॉझिटिव्ह आला की लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून तो कोणाकोणाला भेटला ते विचारायचं, हाय रिस्क आणि लो रिस्क वेगळे करायचे, हाय रिस्कवाल्यांची भेटीनंतर पाचव्या ते दहाव्या दिवसात टेस्ट. म्हणजे हातात दिवस किती ते बघा. आणि यादीत पलीकडचा माणूस निघाला की ती यादी तालुक्याला, तिथनं जिल्ह्याला, मग बेंगळूर, मग तिकडचं राज्य, तिकडचा जिल्हा, तालुका, पीएचसी आणि शेवटी आशाताई. मधलं अंतर चार किलोमीटर. कागद पोचेपर्यंत तो माणूस बरा होऊन शेतात भुईमूग काढत असायचा.

त्यात भाषेची गंमत. आमच्याकडचा कागद कन्नडमधनं, तिकडच्या ग्रामसेवकाला ओ की ठो कळायचं नाही, आणि त्यांचा मराठीत आला की आमच्या पीडीओ मॅडम, त्या बागलकोटकडच्या, मराठी ऐकून समजतं पण वाचता येत नाही, मग मलाच फोन, "सर जरा येता का". नावं तर विचारू नका, कन्नडमधनं इंग्लिश आणि इंग्लिशमधनं मराठी होईपर्यंत एकाचे दोन माणूस व्हायचे. गावाच्या नावात पण घोळ, खानापूर आमच्या बेळगाव जिल्ह्यात आहे आणि सांगली जिल्ह्यात पण आहे, कुडची रायबाग तालुक्यात आहे आणि बेळगावला लागून बसवन कुडची पण आहे, तालुका लिहिला नसेल तर फोन करणारा भलत्याच गावाला लागायचा. कर्नाटकात सुरवातीला प्रत्येक पेशंटला पी-अमुक असा नंबर द्यायचे आणि बुलेटिनमध्ये हा पी-तमुकचा कॉन्टॅक्ट असं यायचं, चांगली पद्धत होती खरं म्हणजे, पण राज्याची हद्द ओलांडली की त्या नंबरला कोण ओळखतंय.

अजून एक, हे कुणी लिहीत नाही. दुसऱ्या लाटेत बेड मिळेल की नाही या भीतीनं चंदगडकडची माणसं टेस्ट करताना बेळगावातल्या नातेवाईकांचा पत्ता द्यायची. मग आमची टीम वडगावात कुणाच्या तरी मावशीच्या दारात उभी आणि पेशंट तिकडं आपल्या घरात. मावशी म्हणायची, "तो हितं ऱ्हात नाही ओ सर, आम्ही फक्त आधार कार्डाला हाव." मी त्यांना दोष देत नाही, मी असतो तरी तेच केलं असतं.

दोन्हीकडच्या लोकांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला तो एका डेअरीवरनं, एप्रिल २०२१. आमच्या गावच्या डेअरीला पलीकडच्या वाडीतली दोनचार घरं दूध घालतात. डेअरीचा माणूस पॉझिटिव्ह आला आणि त्याला कोण कोण भेटलं काय आठवेना, ताप होता बिचाऱ्याला. आशाताई म्हणाली, "सर, दुधाची वही बघा की." सकाळ-संध्याकाळ कुणी किती लिटर घातलं सगळं तारखेनिशी लिहिलेलं! अर्ध्या तासात यादी तयार, त्यातली पलीकडची नावं मी तिकडच्या आशाताईला व्हॉट्सॲपला टाकली, संध्याकाळपर्यंत ती घरोघरी जाऊन आली होती. आरोग्य सेतू ॲपनं जे आमच्याकडं कधी केलं नाही ते त्या वहीनं केलं, कारण दूध घालायला येणाऱ्या म्हाताऱ्याकडं स्मार्टफोन कुठला.

नंतर ग्रुपमध्ये नियम केला, नाव, फोन आणि शेवटची भेट कधी एवढंच टाकायचं, काम झालं की डिलीट. त्याच्या आधी एक यादी गावात फिरली होती आणि एका किराणावाल्याकडं महिनाभर कोण गेलं नाही, बरा होऊन आल्यावर पण. त्यानंतर लोक नावं सांगायचीच बंद झाली होती, नियम केल्यावर हळूहळू बोलायला लागले. तिकडच्या ताईला आमची माणसं खरं सांगायची आणि तिच्या गावची मला, आपल्या गावच्या माणसाला सांगायला लाज, परक्याला नाही.

अधिकार म्हणाल तर पंचायतीला काहीच नव्हता, सगळं इकडं डीसी म्हणजे जिल्हाधिकारी आणि तिकडं कलेक्टर यांच्या हातात. पलीकडच्या माणसाला घरात बस म्हणायला मी कोण? विनंतीच करायची. वरच्या लेव्हलला बोलणं व्हायचं ते जास्त करून नाक्याबद्दल, पुणे-बेंगळूर हायवेवरच्या कोगनोळी नाक्याला कुणाला सोडायचं आणि कुणाला नाही. लस घेतलेल्यांना पण ७२ तासांतला आरटीपीसीआर पाहिजे असं ऑगस्ट २०२१ ला कर्नाटकानं केलं तेव्हा आमच्या ग्रुपवर पण कॉन्टॅक्टची नावं कमी आणि "आज बाचीला कोण हाय, सोडायलेत काय" हेच मेसेज जास्त यायला लागले. तिकडची ताई वैतागून "हे माझं काम न्हवं" असं लिहून ग्रुपमधनं बाहेर पडली.