विहिरीच्या पाण्याच्या तपासणीत ई-कोलाय निघाला. पाणी दिसायला नितळ आहे, मग आता काय करावं?

नितळपणावर जाऊ नका. ई-कोलाय हा आतड्यातला जंतू; तो सापडला म्हणजे माणसाची किंवा जनावराची विष्ठा कुठून तरी पाण्यात मिसळतेय. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिली पाण्यात तो एकही चालत नाही. आजपासून पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घाला, पण मूठभर अंदाजाने नको. प्रमाण हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे ९,४०० लिटर भरतं, म्हणजे २४ ग्रॅम पावडर पुरे. बादलीत कालवा, पावडरीतला चुना खाली बसू द्या, वरची निवळीच विहिरीत सोडा आणि तासभर उपसा बंद ठेवा. उघडी पडलेली जुनी पावडर निकामी असते.

हे झालं तात्पुरतं. आमच्याकडे कोकणात दर पावसाळ्यात हीच रड: आमच्या विहिरीचा कठडा चिरेबंदी, पण चिऱ्यांच्या फटींतून अंगणातलं गढूळ पाणी सरळ आत. फटी सिमेंटने बुजवल्या, भोवती ओटा केला, तेव्हा कुठे तपासणी स्वच्छ आली. तुमचा शोषखड्डा किंवा गोठा विहिरीपासून १५ मीटरच्या आत आहे का, ते आधी मोजा.